पाचव्या चाकाचा हिशेब

स्टेपनीविषयी सध्या दोन मते फार ठासून मांडली जातात. पहिले असे, की टायर आता ट्यूबलेस झाले, तेव्हा डिकीत पाचवे चाक वागवणे म्हणजे 15-20 किलोचे ओझे उगाच फिरवणे. दुसरे याच्या अगदी उलट: स्टेपनी द्यायची तर बाकीच्या चारांसारखीच, त्याच अलॉयची आणि तितक्याच इंचांची द्यावी, लहान पोलादी रिम दिली तर ती गिऱ्हाइकाची फसवणूक. मला दोन्ही मते मान्य नाहीत. एकाची नजर डिकीवर आहे, दुसऱ्याची रिमवर. टायर मात्र दोघांच्याही नजरेतून सुटला आहे. स्टेपनी पारखायची ती टायरच्या बाहेरच्या व्यासावरून, वजन पेलण्याच्या ताकदीवरून आणि वयावरून.

स्टेपनी नकोच म्हणणाऱ्यांच्या हाती सरकारी नियमाचा आधार आहे, आणि तो खरा आहे. जुलै 2020 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीत ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर काढण्याचा संच असेल, तर 1 ऑक्टोबर 2020 पासून स्टेपनीची सक्ती उरली नाही. पण सक्ती नसणे आणि गरज नसणे यांत मोठे अंतर आहे. संचातला चिकट द्रव खिळ्याने तळाला पाडलेले बारीक भोक बुजवतो, तेवढेच त्याचे काम. पावसाळ्यात पाण्याने भरलेल्या खड्ड्याची खोली दिसत नाही. चाक त्याच्या धारेवर आपटले, की टायरची बाजू रस्ता आणि रिम यांच्यामध्ये चिमटली जाते, आतले धागे तुटतात आणि तिथे टेंगूळ येते किंवा सरळ चीर पडते. अशा चिरेवर कुठलाही द्रव चालत नाही. ताम्हिणी किंवा कुंभार्ली घाटात रात्री ही वेळ आली, तर पंक्चरवाला शोधण्यापेक्षा डिकीतले चाक जवळचे. ज्यांची गाडी शहराबाहेर पडतच नाही, त्यांचे संचावर भागेल, एवढे मी मान्य करतो.

आता रिमच्या तक्रारीकडे वळू. टायरच्या बाजूवर 195/55 आर 16 असे लिहिलेले असते. त्यातली रुंदी 195 मिलिमीटर. बाजूची उंची रुंदीच्या 55 टक्के, म्हणजे सुमारे 107. आणि 16 इंची रिम म्हणजे 406 मिलिमीटर. रिममध्ये दोन्ही बाजूंची उंची मिळवली, की बाहेरचा व्यास सुमारे 621 मिलिमीटर भरतो. हाच हिशेब 185/65 आर 15 चा केला तरी 621 च्या आसपासच येतो. रिम एका इंचाने लहान, पण रबराची उंची तितकी जास्त, म्हणून रस्त्यावर चाक तेवढेच. वजनाचे म्हणाल, तर पहिल्या टायरवर बहुधा 87 हा भारांक असतो, म्हणजे 545 किलो. दुसऱ्यावर 88, म्हणजे 560 किलो. अशा स्टेपनीला कमअस्सल म्हणण्याला आधार उरत नाही. पकडीत आणि वळणावरच्या वागण्यात थोडा फरक पडेल, म्हणून कंपनीने घातलेली वेगाची मर्यादा पाळायची, इतकेच.

खरोखर बुटकी स्टेपनी वेगळी. 125/70 मापाच्या 15 इंची तात्पुरत्या टायरचा व्यास जेमतेम 556 मिलिमीटर. त्यात हवा 60 पीएसआय लागते आणि वेगाला 80 ची मर्यादा असते. समृद्धी महामार्गावर मोटारींना 120 ची मुभा आहे, तिथेही ही मर्यादा ओलांडायची नाही. पुढची चाके ओढणाऱ्या गाडीत हे चाक पुढे लावू नये. पुढचा टायर फुटला तर मागचे धड चाक पुढे घ्यावे आणि बुटके मागे लावावे. यात दोनदा जॅक लावावा लागतो, हा आक्षेप खरा आहे. पण पुढे लावलेले बुटके चाक शेजारच्या चाकापेक्षा दर किलोमीटरला साठेक फेरे जास्त घेते, आणि सरळ रस्त्यावरही डिफरन्शियल सतत झिजत राहते.

हीच चूक हौसेचे अलॉय घालणारे स्वतःच्या हाताने करतात, आणि तिच्याविषयी क्वचितच कोणी बोलते. मूळच्या 185/65 आर 15 च्या जागी 205/60 आर 16 घातले, की व्यास 652 होतो. डिकीत मात्र जुनेच 621 चे चाक पडून राहते. किलोमीटरमागे 24 फेऱ्यांची तफावत पडते. शिवाय नव्या अलॉयचे नट जुन्या पोलादी रिमच्या खाचेत नीट बसतीलच असे नाही. मूळ नट पिशवीत घालून जॅकजवळ ठेवायला हवेत. टायर बदलले की स्टेपनीचाही हिशेब नव्याने मांडावा लागतो.

आणि वय. न वापरलेला टायर नवाच, हा समज फार पक्का आहे. रबर मात्र डिकीतही कडक होते. बाजूवर शेवटी चार अंकी आकडा असतो: 3217 म्हणजे 2017 सालचा 32 वा आठवडा. सहा वर्षांनंतर अशा टायरवर महामार्गाचा भरवसा ठेवू नये, मग त्यावरचे रबरी केस अजून शाबूत का असेनात. यावर कोणी म्हणेल, न झिजलेला टायर टाकून देणे परवडत नाही. उपाय सोपा आहे. पाचही टायर एका मापाचे असतील आणि फिरण्याची दिशा ठरलेले नसतील, तर दर 10,000 किलोमीटरला अदलाबदलीत पाचवे चाकही घ्यावे. मग पाचही एकत्र झिजतात, आणि पाचव्याचे पैसे डिकीत कुजत नाहीत.