औषध आपले, निवड परजीवीची

पावसाळा सरता सरता आमच्या बाह्यरुग्ण विभागात थंडी वाजून ताप येणाऱ्यांची रांग वाढते. त्यातले कितीतरी जण आधीच कुठून तरी हिवतापाच्या दोन-चार गोळ्या घेऊन आलेले असतात. रक्त तपासलेले नसते, गोळीचे नाव आठवत नसते. ‘ताप उतरला म्हणून बंद केल्या, पुन्हा चढला म्हणून आलो,’ एवढेच उत्तर मिळते. समोरचा रुग्ण बरा करणे हे आमचे काम असते. पण त्या दोन-चार गोळ्यांनी त्याच्या रक्तात काय घडवले, याचा विचार आम्ही डॉक्टरही क्वचितच करतो.

हा विचार अँड्र्यू रीड यांनी आयुष्यभर केला. मूळचे न्यूझीलंडचे हे शास्त्रज्ञ आधी एडिंबरा आणि नंतर अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात हिवतापाच्या परजीवींची उत्क्रांती अभ्यासत आले. रुग्णाचे शरीर त्यांच्या लेखी एक रान आहे. त्या रानात एकाच वेळी परजीवीचे अनेक वाण नांदू शकतात आणि त्याच लाल पेशींसाठी एकमेकांशी झगडतात. औषधाला दाद न देणारा वाण त्यात असला, तरी सुरुवातीला तो बहुधा थोडा असतो आणि इतरांच्या गर्दीत दबून राहतो. औषध आले की गर्दी मरते, रान मोकळे होते आणि दबलेला वाण फोफावतो. शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. तेच तणनाशक वर्षानुवर्षे मारले की शेवटी न मरणारे तणच उरते.

रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या हिवतापावर हे प्रयोग करून पाहिले. दोन्ही वाणांची एकत्र लागण झालेल्या उंदरांना भरपूर औषध दिले, तेव्हा प्रतिरोधक वाणाचेच फावले. सौम्य उपचाराने उंदरांची प्रकृती सांभाळली गेली आणि प्रतिरोधकांना रानही कमी मिळाले. ‘जोरदार मारा करा म्हणजे प्रतिरोध येणार नाही’ हा नियम प्रत्येक वेळी खरा ठरतोच असे नाही, तो पुराव्यावर तपासा, असे त्यांनी 2011 मध्ये मांडले.

याचा अर्थ गोळ्या अर्ध्यावर सोडाव्यात असा कोणी काढू नये. उंदरावरचा प्रयोग म्हणजे माणसाचे औषधपत्र नव्हे. फाल्सिपेरम हिवताप मेंदूपर्यंत पोहोचून दोन-तीन दिवसांत जीव घेऊ शकतो. तिथे कमी औषधाचा प्रयोग कोणीही करू नये. रीड यांच्या कामातून घ्यायचा धडा वेगळा आहे. औषधाची प्रत्येक मात्रा परजीवींमध्ये निवड करत असते, म्हणून गरज नसताना एकही मात्रा देऊ नये.

याची दुसरी बाजू आफ्रिकेतील मलावीत दिसली. प्रतिरोधामुळे तिथे क्लोरोक्विन निकामी झाले होते. 1993 मध्ये त्या देशाने त्याचा वापर थांबवला. सुमारे बारा वर्षांनी मुलांवर पुन्हा चाचणी घेतली, तर तेच औषध जवळजवळ सर्वांना लागू पडले. औषधाचा दाब हटल्यावर जुने, दाद देणारे वाण पुन्हा वरचढ झाले होते.

आपल्याकडे क्लोरोक्विनला दाद न देणारा फाल्सिपेरम 1973 मध्ये आसामात आढळला. आज फाल्सिपेरमसाठी आपण आर्टेमिसिनिनची जोडऔषधे वापरतो. परजीवीला एकाच वेळी दोन औषधांतून निसटणे अवघड जाते, हे त्यामागचे गणित आहे. म्हणूनच नुसत्या आर्टेमिसिनिनच्या गोळ्यांवर 2009 मध्ये बंदी आली. कंबोडियात मात्र आर्टेमिसिनिनचा परिणामही मंदावल्याचे तेव्हाच दिसू लागले होते. हे औषध गेले, तर त्याच्या तोडीचे दुसरे आज हाताशी नाही.

2030 पर्यंत हिवताप हटवण्याचे आपले राष्ट्रीय उद्दिष्ट आहे. रुग्ण घटले की प्रयोगशाळा तंत्रज्ञाची जागा रिकामी ठेवण्याचा मोह प्रशासनाला होतो. ही चूक महागात पडेल. उरलेले परजीवी कोणते आणि ते औषधाला दाद देतात का, हे कळण्याची गरज नेमकी तेव्हाच वाढते. गडचिरोलीसारख्या जंगलपट्ट्यात तर ही यंत्रणा अखंड चालू राहिली पाहिजे.

वाचकांकडून मागणे साधे आहे. ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासा. सरकारी केंद्रात ही तपासणी मोफत होते. अहवालाआधी हिवतापाची गोळी मागू नका. निदान झाले की ठरलेला डोस पूर्ण घ्या. व्हायवॅक्समध्ये डॉक्टरांनी चौदा दिवस प्रायमाक्विन सांगितले असेल, तर तिसऱ्या दिवशी बरे वाटले तरी थांबू नका, कारण यकृतात दडलेले परजीवी त्याच गोळीने मरतात. शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नका, आपल्या देऊ नका.

औषधाचा गुण ही गावच्या पाणवठ्यासारखी सगळ्यांची ठेव आहे. एकाने गढूळ केली, तर तहान सगळ्यांची अडते.