पाच लाखांचे कार्ड आणि गावाची नजर

बियाणे बोगस निघाले तर शेतकरी कृषी कार्यालयावर मोर्चा नेतो. पण दवाखान्यात आपल्याच नावावर बोगस बिल निघाले, तर ते त्याला कळतसुद्धा नाही. सरकारी आरोग्य विम्यातली खरी मेख इथेच आहे.

२०१२ साली राज्यातील आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली. २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. बुलढाण्यासह चौदा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतील पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांनाही तीत घेतले गेले. पुढे केंद्राची आयुष्मान भारत योजना तिला जोडली गेली. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांचे संरक्षण ठरले.

यातले पैसे सरकारचे, आपले काय जाते, असे अनेकांना वाटते. पण हे ५ लाख साऱ्या घराचे मिळून आहेत. म्हाताऱ्याच्या नावावर गरज नसलेली शस्त्रक्रिया दाखवली, तर त्याच वर्षी नातवाच्या हृदयाचे ऑपरेशन निघाल्यावर शिल्लक कमी भरते. मग वावर गहाण पडते. शिवाय विनाकारण चाकू चालतो तो आपल्याच माणसाच्या अंगावर.

हे प्रकार कल्पनेतले नाहीत. ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत आलेल्या महालेखापालांच्या अहवालात, आधीच मृत नोंदलेल्या ३,४४६ रुग्णांच्या उपचारापोटी दवाखान्यांना ६ कोटी ९७ लाख रुपये दिल्याचे नमूद आहे. दवाखान्यांना भरतीनंतर तीन दिवसांपर्यंत मंजुरी मागता येते, असा खुलासा यंत्रणेने केला. तरी आकडा विचार करायला लावणारा आहेच.

गुजरातेत तर यापुढचे घडले. नोव्हेंबर २०२४ मध्ये कडी तालुक्यातील बोरिसणा गावात मोफत शिबिर झाले. तिथल्या १९ जणांना बसने अहमदाबादच्या ख्याती हॉस्पिटलला नेले, सात जणांची अँजिओप्लास्टी केली, त्यात दोघे दगावले. घरच्यांना विचारलेच नव्हते, असा आरोप झाला. गावकरी दवाखान्यावर धडकले, बोभाटा झाला, तेव्हा चौकशीची चक्रे फिरली.

म्हणजे चोरी आधी दिसते ती फाईल तपासणाऱ्याला नव्हे. ती दिसते रुग्णाच्या नातेवाइकाला, दवाखान्यातल्या नर्सला, आरोग्यमित्राला, गावच्या आशाताईला. पण बोलायचे कोणी? नोकरी जाईल, माणूस अजून खाटेवर आहे, ही भीती खोटी नाही. अमेरिकेत १८६३ च्या कायद्यानुसार सरकारी पैशाची लूट उघड करणाऱ्याला वसुलीतला हिस्सा मिळतो. आपल्याकडे जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ साली मंजूर झाला, पण त्याच्या अंमलबजावणीची अधिसूचना निघाली नाही. २०१० मध्ये तळेगाव दाभाडेचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा खून झाला. तेव्हा एकट्याने पुढे हो म्हणणे सोपे आहे, निभावणे अवघड.

म्हणून ही जबाबदारी गावाने मिळून उचलावी. अंगीकृत दवाखान्यात योजनेतल्या उपचारासाठी पैसे मागितले तर पावती मागावी. सुटी होताना किती रक्कम लागली, शिल्लक किती, हे आरोग्यमित्राला विचारून लिहून घ्यावे. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नये. शिबिराची गाडी गावात आली, तर कोण कुठे गेले याची नोंद ग्रामपंचायतीने ठेवावी. तक्रारीसाठी १५५३८८ आणि १४५५५ हे क्रमांक आहेत. पण नुसत्या फोनवर न थांबता ग्रामसभेचा ठराव करून जिल्हा शल्य चिकित्सक व जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावा. एका माणसाला दमदाटी करता येते, ठरावावरच्या शंभर सह्यांना करता येत नाही.

प्रामाणिक दवाखान्यांचेही यात भलेच आहे. घाटाखालच्या माणसाला मोठ्या ऑपरेशनसाठी अकोला नाहीतर संभाजीनगर गाठावे लागते, तिथे त्याचा आधार हे एक कार्डच असते. त्यावरचा विश्वास उडाला, तर पुन्हा सावकाराचे दार आहेच.