तुर्की घरातले रोजचे जेवण

तुर्की जेवण म्हटले की आपल्या मुलांना कबाब, शवर्मा आणि बक्लावा एवढेच आठवते. 'अर्तुगरुल' मालिका उर्दूत डब होऊन मोबाइलवर आली, तेव्हापासून तर ही ओढ आणखी वाढली आहे. माझ्या नववीच्या वर्गातली एक मुलगी विचारत होती, "मॅडम, तुर्की लोक रोज कबाबच खातात का?" मी म्हटले, "तू रोज बिर्याणी खातेस का?" रोज निखाऱ्यावरचे मांस कोणत्याच देशातल्या साध्या घराला परवडत नाही. आणि गंमत अशी, की अर्तुगरुलच्या काळात, म्हणजे १३व्या शतकात, अनातोलियात टोमॅटोही नव्हता आणि मिरचीही नव्हती. दोन्ही अमेरिकेतून पुढे कितीतरी वर्षांनी आले.

नाक्यावर मेयोनेज थापून मिळणारा शवर्मा मी तुर्की धरत नाही. शब्दाचे मूळ मात्र तुर्की आहे. 'चेविर्मे' म्हणजे फिरवणे. अरबांनी त्याचा शवर्मा केला. आपल्या हवेत तासन् तास बाहेर राहिलेले ते कच्च्या अंड्याचे मेयोनेज मुलांच्या पोटात न गेलेलेच बरे.

तुर्कस्तानातल्या घरी रोज शिजते ते काय? मसूर, छोले, पांढरा राजमा, वांगी, भोपळी मिरची, पालक, दही, गव्हाचा भरडा, भात. यातले काय आपल्याकडे मिळत नाही? मांस असते, पण पुष्कळदा भाजीला चव देण्यापुरते. मला या स्वयंपाकाची ओढ लागली ती हौसेने नाही. आमच्या अम्मींना, म्हणजे सासूबाईंना, शुगर आहे. ह्यांचे ब्लडप्रेशर वाढलेले असते. मुलांना चमचमीत हवे. आपल्या बहुतेक घरांत आज हीच स्थिती आहे आणि त्याची शिक्षा गृहिणीला होते. ती एकाच वेळी दोन-तीन स्वयंपाक करते. त्यातून अम्मींसारखी माणसे ताटातला उकडलेला दुधी पाहून म्हणतात, "हे आजाऱ्याचे जेवण मला नको." वेगळे वाढले की माणूस वेगळा पडतो, हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. सगळ्यांनी एकाच दस्तरखानावर एकाच पातेल्यातले खावे आणि ते आजाऱ्यालाही चालावे, असा स्वयंपाक मी शोधत होते. तो मला मसुराच्या डाळीत सापडला.

त्याआधी उर्दूच्या शिक्षिकेला एक मोह आवरत नाही. आपण ज्याला खिमा म्हणतो तो कीमा तुर्की 'कियमा'चा भाऊ. कोर्मा आला तो 'कावुर्मा'वरून, म्हणजे परतलेले. थोरल्या बहिणीला आपण आपा म्हणतो, तो शब्द तुर्की. बेगम तुर्की. खुद्द 'उर्दू' हा शब्द तुर्की 'ओर्दू'वरून आला, म्हणजे लष्कराची छावणी. तेव्हा हे जेवण परके मानायचे कारण नाही. शब्द कधीचेच आपल्या घरात राहायला आलेले आहेत.

आता ती मसूर डाळ. तिकडे तिला 'मेर्जिमेक चोर्बासी' म्हणतात. चोर्बा म्हणजे आपला शोरबाच. पाच जणांसाठी १ वाटी (साधारण २०० ग्रॅम) लाल मसूर डाळ धुऊन घ्या. कुकरमध्ये २ चमचे तेलावर १ कांदा आणि १ गाजर मऊ होईपर्यंत परता, लाल करू नका. त्यात डाळ, १ चमचा जिरेपूड, मीठ आणि ६ वाट्या पाणी घालून तीन शिट्ट्या घ्या. वाफ गेली की मिक्सरमधून अगदी गुळगुळीत काढा आणि पुन्हा एक उकळी द्या. हळद नाही, हिंग नाही, कोथिंबीर नाही, गरम मसाला तर नाहीच. इथे हात आवरावा लागतो. हळद पडली की ती आपली डाळ झाली. वरून द्यायची फोडणी फक्त एवढी: १ चमचा लोणी वितळवून त्यात अर्धा चमचा लाल मिरची आणि १ चमचा वाळलेला पुदिना, लगेच गॅस बंद. वाटीत डाळ वाढल्यावर ही लाल फोडणी वरून सोडायची आणि लिंबाची फोड शेजारी ठेवायची.

पुदिना वाळलेलाच हवा, ताजा नको. दोन्हींची चव निराळी आहे. जुडी स्वस्त असते तेव्हा पाने सावलीत वाळवून बाटलीत भरून ठेवा. मिरचीही पुडीची नको. तिकडची मिरची भरड असते. बेडगी मिरच्यांच्या बिया काढून त्या थोडे मीठ आणि चार थेंब तेल लावून जाडसर कुटा, जवळजवळ तीच चव येते.

याच डाळीत मूठभर दलिया, थोडे तांदूळ आणि टोमॅटो घातला की होते 'एझोगेलिन'. गेलिन म्हणजे नववधू. गाझियांतेपच्या बाजूच्या एझो नावाच्या एका देखण्या मुलीची ही कथा लोक सांगतात. पहिले लग्न टिकले नाही, दुसऱ्या लग्नात ती सरहद्दीपलीकडे सीरियात गेली आणि माहेरच्या आठवणीने झुरत राहिली. सासूला खूश करण्यासाठी तिने हे सूप रचले, असे सांगतात. सासू खूश झाली की नाही, ते मात्र कोणी सांगत नाही. तिच्यावर गाणी झाली, चित्रपट झाले, आणि तुर्कस्तानातल्या साध्या खानावळीतही तिच्या नावाचे सूप मिळते.

वांग्यावर तुर्की लोकांचे जेवढे प्रेम आहे तेवढे आपणही करत नसू. 'इमाम बायल्दी' म्हणजे इमामसाहेब बेशुद्ध पडले. कांदा, लसूण, टोमॅटो भरून भरपूर ऑलिव्ह तेलात शिजवलेले हे वांगे थंड करून खातात. इमामसाहेब चवीने बेशुद्ध पडले की बायकोने किती तेल ओतले ते ऐकून, यावर दोन मते आहेत. महिन्याच्या किराणाचे बिल पाहणारी मी दुसऱ्या मताची आहे.

आपल्या घरासाठी त्याचा खिम्याचा भाऊ, 'कार्नियारिक', अधिक कामाचा. नावाचा अर्थ पोट चिरलेले. मटणाचा भाव पाहता हा हिशेब लक्षात घ्या: पाव किलो खिम्यात सहा माणसांचे जेवण. ६ मध्यम लांबट वांगी घ्या, साल पट्ट्यापट्ट्यांनी काढा, म्हणजे एक पट्टा ठेवायचा, एक सोलायचा. मिठाच्या पाण्यात अर्धा तास ठेवून पुसून कोरडी करा आणि थोड्या तेलावर चारही बाजूंनी मऊ परता. खिमा २ कांदे, ३ लसूण पाकळ्या, १ टोमॅटो, १ हिरवी मिरची, मीठ आणि काळी मिरी घालून सुका परता. वांग्यांना मधोमध लांब चीर देऊन पोट उघडा, खिमा भरा, वर टोमॅटोची चकती ठेवा. कढईत एकाशेजारी एक मांडून, १ वाटी पाण्यात २ चमचे टोमॅटोची दाट प्युरी कालवून बाजूने सोडा आणि झाकण ठेवून मंद आचेवर अर्धा तास शिजू द्या. आपल्या भरल्या वांग्यांत शेंगदाणे, खोबरे आणि मसाला बोलतो, इथे वांगे स्वतः बोलते. भातासोबत हे आणि दही, बाकी काही लागत नाही.

दह्याबद्दल तर सांगायलाच हवे. 'योगर्ट' हा शब्दच तुर्की आहे. आपण ताक पितो, ते 'आयरान' पितात. आपण काकडीची कोशिंबीर करतो, ते लसूण आणि पुदिना घालून 'जाजिक' करतात. आणि श्रीखंडासाठी आपण फडक्यात बांधून जो चक्का करतो, त्यात ते साखरेऐवजी ठेचलेला लसूण, मीठ आणि बारीक चिरलेली शेपू घालतात. हो, शेपू! जी भाजी ताटात आली की आपली मुले नाक मुरडतात, तीच. तुर्की स्वयंपाकात ती भाजी म्हणून नाही, कोथिंबिरीसारखी चिमटीने पडते. चक्क्यात पडलेली शेपू आमच्या धाकट्याने न ओळखता चाटून खाल्ली. नाव सांगू नका, एवढेच. उकडलेल्या पालकावर, भाजलेल्या गाजरावर, परतलेल्या भोपळ्यावर हे लसणाचे दही घालून पाहा. दही फ्रिजमधून काढून लगेच वापरू नका, आधी थोडा वेळ बाहेर ठेवा.

आता बाजारातल्या महाग बाटल्यांचे. 'मेडिटरेनियन' असे लेबल लागले की किंमत तिप्पट होते, म्हणून सांगते. १९५८ साली अमेरिकन शास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी सात देशांतल्या पुरुषांच्या आहाराचा आणि हृदयविकाराचा अभ्यास सुरू केला. त्यात क्रीट या ग्रीक बेटावरच्या शेतकऱ्यांत हृदयविकार फारच कमी दिसला. ते खात काय होते? पालेभाज्या, कडधान्ये, जाडा पाव, फळे, ऑलिव्ह तेल आणि थोडे मांस. ते गरिबांचे जेवण होते, आज ते श्रीमंतांच्या दुकानात विकले जाते. ऑलिव्ह तेल परवडत असेल तर जरूर घ्या. नसेल तर घाण्याचे शेंगदाण्याचे किंवा करडईचे तेल वापरा. चव तीच येणार नाही, पण बेत बिघडत नाही. तुर्कस्तानातही ऑलिव्ह तेल मुख्यतः पश्चिमेच्या एजियन किनाऱ्याकडे, पूर्वेकडच्या घरांत लोणी चालते.

डाळिंबाच्या काढ्याची बाटली, 'नार एक्शिसी', तर विकत घेऊच नका. महाराष्ट्रात राहून, सोलापूर-सांगोल्याची डाळिंबे दारात येत असताना! आंबटगोड दाण्यांचा १ लिटर रस गाळून जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर आटवा. तास-दीड तासात तो काकवीसारखा होतो. गरम असताना थोडा पातळच वाटतो, थंड झाल्यावर दाटतो, म्हणून फार आटवू नका. काचेच्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवा. कांदा-टोमॅटोच्या कोशिंबिरीवर एक चमचा पुरतो. बाजारातल्या स्वस्त बाटल्यांत पुष्कळदा साखरेचा पाक आणि रंगच जास्त असतो, लेबल वाचून पाहा. सुमाक नावाची लाल आंबट पूडही तशीच. नसेल तर वाळलेल्या कोकमाची पूड कांद्यावर भुरभुरा. कोकणातल्या भगिनींना हे वेगळे सांगायला नको.

बुलगुर आणि आपला दलिया एकच समजू नका. बुलगुर हा आधी उकडून, वाळवून मग भरडलेला गहू असतो, म्हणून बारीक बुलगुर नुसत्या गरम पाण्यात भिजतो. दलिया कच्चा असतो, तो भाजून शिजवावाच लागतो.

तुर्कांचे सगळेच उचलण्यासारखे नाही. पांढरा पाव ते फार खातात, चहात साखर घालतात आणि त्यांच्या खारवलेल्या ऑलिव्ह, चीज, लोणच्यांत मीठ बेसुमार असते. बीपी असलेल्यांनी या तिन्हींपासून लांब राहावे. आणि शुगरच्या माणसाला हे जेवण चालते म्हणून औषध बंद करायचे नसते, हेही लिहून ठेवते, कारण आपल्याकडे तसे करणारे आहेत.

तुर्कांची एक सवय मात्र उचलावी. जेवण झाल्यावर ते रांधणाऱ्याला म्हणतात, "एलिनिझे साअलिक", तुमचे हात सलामत राहोत. ती म्हणते, "अफियेत ओल्सुन". तो आफियत शब्द आपण दुवेत रोज म्हणतो. कोन्या शहरात मौलाना रूमींच्या खानकाहमधल्या आचाऱ्याची, आतेशबाज वलींची, स्वतंत्र मजार आहे. त्यांचे निधन १२८५चे. लोक तिथून चिमूटभर मीठ घरी नेतात, स्वयंपाकघरात बरकत राहावी म्हणून. आपल्या घरात जेवणाऱ्याला मिठाची आठवण होते ती फक्त कमी पडल्यावर.

मोहरम आला की मुंबईत आणि आपल्या गावोगावच्या मोहल्ल्यांत खिचड्याच्या डेगी चढतात. गहू, डाळी, मटण, रात्रभर घोटणे. तुर्कस्तानात लग्नाकार्यात गहू आणि मांस असेच घोटून 'केश्केक' करतात. २०११ साली युनेस्कोने ती परंपरा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. मोहरमच्या दहाव्या तारखेपासून मात्र तिकडे 'आशुरे' शिजते, आणि ते गोड असते. हजरत नूह यांची नौका किनाऱ्याला लागली तेव्हा उरलेसुरले सगळे धान्य एकत्र शिजवले गेले, अशी त्यामागची आख्यायिका आहे. १ वाटी सडलेला गहू, अर्धी अर्धी वाटी छोले आणि पांढरा राजमा रात्री वेगवेगळे भिजवा आणि सकाळी वेगवेगळेच शिजवा, कारण तिघांना वेळ निराळा लागतो. मग एकत्र करून मूठभर तांदूळ, चिरलेले जर्दाळू, अंजीर, बेदाणे आणि चवीपुरती साखर घालून दाटसर होईपर्यंत ढवळा. थंड झाले की वर अक्रोड, डाळिंबाचे दाणे, दालचिनीची पूड. दूध नाही, तूप नाही. साखर मी निम्मी करते, सुका मेवा पुरेसा गोड असतो. तरी अम्मींना मी दोन चमचेच देते.

आशुरे थोडे करायची पद्धत नाही. वाटे भरून शेजारी पाठवायचे असतात, शेजारी कोण आहे ते न पाहता, आणि वाटी परत येते ती रिकामी येत नाही. वरच्या मापात दहा-बारा वाट्या होतात. मांस नसल्याने आमच्या इमारतीतल्या शाकाहारी घरांतही त्या जातात. गेल्या वेळी एका घरातून परत आलेल्या वाटीत पुरणपोळीचे दोन तुकडे होते.