पाणवनस्पतीची विश्रांति आणि हौशी मंडळींची घाई

घरांत काचेची मत्स्यपेटी ठेवणाऱ्या हौशी मंडळींत एक मत सध्या इतकें रूढ झालें आहे कीं, त्याची उलटतपासणी करण्याची गरज कोणासच वाटत नाहीं. तें मत असें : मादागास्कर बेटांतील जाळीदार पानांची जी पाणवनस्पति ‘लेस प्लँट’ या नांवानें बाजारांत विकली जाते, ती जातीचीच दुःसाध्य आहे. ती कांहीं महिने शोभा देते; मग नवीं पानें लहान लहान येऊं लागतात, कंद मऊ पडतो आणि एके दिवशीं सारा कारभार आटोपतो. यांत पाळणाराचा दोष तो काय? दुकानांतून दुसरा कंद आणावा म्हणजे झालें!

आमचें म्हणणें याच्या नेमकें उलट आहे. या वनस्पतीच्या अटी थोड्या आहेत आणि स्पष्ट आहेत. त्या पाळावयाच्या नाहींत, शोभा मात्र बाराही महिने पाहिजे, या हट्टालाच ‘वनस्पतीचा अवघड स्वभाव’ असें सभ्य नांव मिळालेलें आहे.

प्रथम ही वनस्पति आहे तरी कशी, तें पाहूं. शास्त्रज्ञ तिला ॲपोनोजेटॉन मादागास्करिएन्सिस म्हणतात. तिच्या पानांत शिरांचें जाळें तेवढें उरलेलें असतें. शिरांमधील हिरवा भाग बहुतेक नाहींसा झालेला असतो. पान हातभर लांब वाढतें, आणि पाण्यांत हलूं लागलें म्हणजे विणकाम केल्याचा भास होतो. हीं छिद्रें किडीनें पाडलेलीं नव्हेत, कीं कुजण्यानें पडलेलीं नव्हेत. पान कोवळें असतांनाच शिरांच्या प्रत्येक चौकटीच्या मध्यभागांतील पेशी मरूं लागतात. तें मरण कडेकडे पसरत जातें आणि शिरेच्या जवळ येतांच थांबतें. कॅनडांतील संशोधकांनीं २००४ सालीं ही सारी क्रिया पायरीपायरीनें वर्णन करून दाखविली, आणि हें पेशींचें ठरल्या वेळीं, ठरल्या जागीं होणारें मरण आहे असें सिद्ध केलें. जिचें सौंदर्यच असें नेमक्या वेळीं नेमकें सोडून देण्यावर उभें आहे, तिला ऋतु पालटल्यावर पानें सोडण्याची मात्र मोकळीक नसावी, हा कोठला न्याय?

तिच्या नांवाचा इतिहासही या वादांत साक्षीला बोलावण्याजोगा आहे. मादागास्करच्या लोकभाषेंतील तिच्या नांवाचा अर्थ ‘पाण्यांतलें कोनफळ’ असा आहे. तेथील लोक तिचा कंद खात असत. विल्यम एलिस या इंग्रज मिशनऱ्यानें १८५० नंतरच्या दशकांत जिवंत रोपें इंग्लंडला नेलीं, आणि तेथील काचगृहांत त्या पानांची वाहवा झाली. परक्यांनीं पान पाहिलें. घरच्यांनीं कंद ओळखला. वनस्पतीचा प्राण कंदांत आहे. पान हा त्या कंदाचा खर्च आहे, आणि कंद ही शिल्लक आहे. आजची मत्स्यपेटी नुसता खर्च पाहून खूष होते आणि शिल्लक संपली म्हणजे दैवाला दोष देते.

आतां पूर्वपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा घेऊं. कित्येक जाणकार म्हणतात कीं, विश्रांतीची ही गोष्टच मुळीं अतिरंजित आहे. मादागास्करमधील कांहीं ओढे बाराही महिने वाहतात व तेथें ही वनस्पति पानें न टाकतां वर्षभर उभी असते. मग तिला निजविण्याचा खटाटोप कशाला? हा मुद्दा खरा आहे. पण तो त्यांच्याच अंगावर उलटतो. त्या ओढ्यांतील पाणी मृदु आहे, थंड आहे, आणि क्षणाक्षणाला नवें आहे. मुळांपाशीं येणारें पोषण तेथें कधीं सरत नाहीं. उलट काचपेटींतलें पाणी तेंच तें फिरत राहतें, तळाची वाळू धुतलेली व निःसत्त्व असते, आणि उष्ण प्रदेशांतील माशांसाठीं तें पाणी २७-२८ अंशांवर राखलेलें असतें. मुंबईच्या मे महिन्यांत तर तें आपोआपच त्यावर जातें. म्हणून आमचा प्रश्न सरळ आहे. ओढा देणार असाल तर निद्रा देऊं नका. ओढा देतां येत नसेल तर निद्रा द्या. दोहोंपैकीं एकही द्यावयाचें नाहीं आणि वनस्पतीनें मात्र दोहोंचें फळ द्यावें, हें चालावयाचें नाहीं.

यावर यंत्रवादी पुढें सरसावतात. त्यांच्यापाशीं प्रत्येक प्रश्नाला एक उपकरण तयार असतें. पानें लहान आलीं? दिवे वाढवा. तरीही सुधारणा नाहीं? कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर जोडा. उपकरणांशीं आमचें वैर नाहीं. पुष्कळ पाणवनस्पतींना त्यांचा उपयोग होतो, आणि या वनस्पतीलाही तो वायु उपकारकच आहे. परंतु ही वनस्पति सावलींतही वाढणारी आहे. तिच्यावर प्रखर दिवे सोडले म्हणजे तिच्याआधीं शेवाळ फोफावतें, आणि जाळीच्या घराघरांत तें असें अडकतें कीं, पान न फाडतां काढणें कठीण. ज्या पानासाठीं एवढा खर्च केला तेंच त्या खर्चानें गुदमरतें! सिलिंडरनें वायु मिळेल, दिव्यानें उजेड मिळेल. पण ऋतु कोणत्याही दुकानांत विकत मिळत नाहीं.

हें सारें दूरच्या बेटाचें शास्त्र वाटत असेल, तर याच कुळांतील एक वनस्पति आमच्या सह्याद्रीवर आहे. साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर पावसाळ्यांत जांभ्याच्या खळग्यांतून पाणी साठतें, आणि त्यांतून वायतुरा डोकें वर काढतो. त्याचा तुरा इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखा दुभंगलेला, म्हणून हें नांव. शास्त्रज्ञांनीं १९८२ सालीं त्याला साताऱ्यावरूनच ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस असें नांव दिलें. पाऊस सरला कीं खळगे आटतात, पानें वाळतात, आणि उन्हाळ्यांत तेथें कांहीं होतें याचा मागमूस उरत नाहीं. कंद मात्र तापलेल्या मातीखालीं स्वस्थ निजलेला असतो व पुढच्या मृगाची वाट पाहतो. त्याला पाहून ‘केवढी ही अवघड वनस्पति!’ असें कोणी गुराखी म्हणत नाहीं. कारण त्यानें तिचें सबंध वर्ष पाहिलेलें असतें. हौशी मनुष्य तिचा एकच हंगाम पाहतो. आणि येथेंच बजावून ठेवतों : हा मजकूर वाचून कोणी वायतुऱ्याचे कंद उकरण्यास कासला निघेल, तर तो आमचा वाचक नव्हे.

कोणी म्हणेल, ‘पैसा माझा, पेटी माझी, एक कंद मेला तर जगाचें काय बुडालें?’ फुलदाणींतलें फूल सुकतें तेव्हां कोणी शोक करीत नाहीं, हें खरें. पण फुलदाणीवाला आपण बागाईत करतों असा आव आणीत नाहीं. या वनस्पतीचे कंद दीर्घकाळ मादागास्करच्या ओढ्यांतून उपटून परदेशीं धाडले गेले आहेत. प्रयोगशाळेंत वाढविलेलीं रोपेंही आतां मिळतात. तीं मागावींत, आणि कंद कोठून आला हें दुकानदारास विचारावें. ‘आम्ही जातीचें रक्षण करतों’ असें म्हणणारांनीं तर हें जरूर विचारावें. ज्यानें फुलोऱ्यावर कुंचला फिरवून बीं धरविलें आणि त्या बियांचीं रोपें वाढविलीं, त्याला रक्षक म्हणावें. वर्षाला एक कंद कुजविणारा हा रक्षक नव्हे, तो गिऱ्हाईक आहे.

मग करावें काय? कंद कुंडींत लावावा, म्हणजे तो न दुखवितां उचलतां येतो. कुंडींत सकस माती घालून वर वाळूचा थर द्यावा. कंदाचा शेंडा उघडा ठेवावा. पाणी मृदु व २० ते २४ अंशांच्या दरम्यान राखावें, तें हलतें ठेवावें आणि वरचेवर बदलावें. उजेड बेताचा असावा. वाढ मंदावून पानें खुजीं होऊं लागलीं म्हणजे दिवे न वाढवितां कुंडी उचलून थंड पाण्याच्या उथळ भांड्यांत, १५ ते १८ अंशांत, दोन-तीन महिने निवांत ठेवावी. त्या काळांत पेटींतली ती जागा रिकामी दिसेल. दिसूं द्यावी.

ज्याला हें जमण्याजोगें नाहीं, ज्याच्या घरीं मे महिना थंड करण्याची सोय नाहीं, त्यानें ही वनस्पति आणूं नये, असें आम्ही स्पष्ट सांगतों. त्याच्यासाठीं उष्णता सोसणाऱ्या पाणवनस्पति पुष्कळ आहेत, आणि त्यांना सुखानें वाढविणें यांत कमीपणा कांहींच नाहीं. हौसेची परीक्षा दुर्मिळ वस्तु घरांत आणण्यांत होत नाहीं. आणलेल्या जिवाचें वर्ष आपल्या घरांत पुरें होईल कीं नाहीं, हें आणण्यापूर्वीं विचारण्यांत ती होते. आणि उत्तर ‘नाहीं’ असेल तर रिकाम्या हातानें दुकानाबाहेर पडण्यांतही ती होते.