गाण्याच्या नांवाचें पहिलें अक्षर

भेंड्यांचा खेळ ज्यास ठाऊक नाहीं असा विद्यार्थी आपल्या शाळेंत सांपडणें कठीण. परंतु याच जातीचा एक खेळ दूरच्या जपान देशांत खेळतात, आणि तोहि आपल्याहून कडक नियमांनीं खेळतात, ही गोष्ट पुष्कळांस नवी वाटेल. त्यास तेथें 'शिरितोरी' म्हणतात. 'शिरि' म्हणजे शेवटचा भाग व 'तोरी' म्हणजे घेणें. एकानें शब्द उच्चारावा, दुसऱ्यानें त्याचें शेवटचें अक्षर धरून नवा शब्द सांगावा. आणि ज्याचा शब्द 'न्' या अर्ध्या अनुनासिकानें संपेल तो हरला, कारण त्या अक्षरानें आरंभ होणारा शब्दच जपानी भाषेंत नाहीं म्हटला तरी चालेल.

हाच नियम आतां गाण्यांस लावतात. 'कराओके' हा शब्द आपल्याकडेहि रुळला आहे. 'कारा' म्हणजे रिकामें, आणि 'ओके' हें ऑर्केस्ट्रा या शब्दाचें तोडलेलें रूप. म्हणजे गायकावांचून वाजणारा वाद्यवृंद. नेगिशि शिगेइची यांनीं १९६७ सालीं असें एक यंत्र केलें, व १९७१ सालीं कोबे शहरांत इनोउए दाइसुके यांनीं दुसरें केलें. इनोउए यांनीं आपल्या यंत्राचें पेटंट घेतलें नाहीं. पैसा इतरांनीं मिळविला. २००४ सालीं त्यांना मिळालें तें 'इग नोबेल' हें थट्टेचें शांततापारितोषिक! लोकांना एकमेकांस सोसावयास शिकण्याचा नवा मार्ग दिला, हें त्याचें कारण. असो. या गाण्याच्या खोल्यांत पूर्वीं एक जाडजूड सूचीग्रंथ ठेवलेला असे. त्यांत हजारों गाणीं नांवाच्या आद्याक्षराप्रमाणें लावलेलीं असत. आज तेंच काम हातांतील पाटी करते. मंडळी जमली म्हणजे कोणीतरी सुचवितो, कीं मागील गाण्याचें नांव ज्या अक्षरानें संपलें त्याच अक्षरानें पुढच्या गाण्याचें नांव आरंभ झालें पाहिजे.

या अक्षरक्रमाविषयीं दोन शब्द सांगितल्यावांचून राहवत नाहीं. जपानी वर्णमालेचे स्वर अ, इ, उ, ए, ओ. आणि पुढील ओळी क, स, त, न, ह, म, य, र, व. विद्यार्थ्यांनीं आपली वर्णमाला मनांत म्हणून पाहावी. 'च' च्या जागीं 'स' व 'प' च्या जागीं 'ह' एवढा भेद सोडला तर क्रम आपलाच आहे. बौद्ध भिक्षूंनीं सिद्धम् लिपींतून संस्कृताचें अध्ययन केलें, त्याचा हा ठसा. म्हणजे तोक्योमधील मुलगा गाणें शोधावयास सूची उघडतो, तेव्हां पाणिनीच्या देशांतील वर्णक्रमानेंच तीं पानें उलटतो.

आतां आक्षेपाकडे वळूं. कित्येक रसिक म्हणतात, कीं गाणें निवडावें तें अर्थासाठीं, चालीसाठीं, प्रसंगासाठीं. नांवाच्या पहिल्या अक्षरावरून निवडणें हा पोरखेळ होय. मला हें मान्य नाहीं. आपल्या आवडीवर सोडलें तर आपण तींच पांच गाणीं जन्मभर म्हणतों. अक्षर मात्र कोणाची भीड धरीत नाहीं. एक उदाहरण पाहा. आजोबांनीं 'होतारु नो हिकारी', म्हणजे 'काजव्यांचा प्रकाश', हें गाणें म्हटलें. याची चाल स्कॉटलंडांतली, आणि जपानी शब्दांसह तें १८८१ च्या शालेय गीतसंग्रहांत आलें. नांवाचा शेवट 'री'. आजीनें 'रिंगो नो उता', 'सफरचंदाचें गाणें', धरलें. १९४५ सालीं, युद्धांत पराभव झाल्यावर लगेच निघालेल्या 'सोयोकाझे' चित्रपटांतील तें. शेवट 'ता'. नातीनें 'ताबिदाची नो हि नि', म्हणजे 'प्रस्थानाच्या दिवशीं', म्हटलें. हें १९९१ सालीं चिचिबु येथील एका शाळेच्या मुख्याध्यापकांनीं लिहिलें व तेथल्याच संगीतशिक्षिकेनें चालीवर बसविलें, तें मुलांना निरोप देण्यासाठीं. पुढें तें देशभर शाळांच्या निरोपसमारंभांत गाऊं लागले. पहिलें गाणेंहि निरोपसमारंभाचेंच! मध्यें एकशें दहा वर्षें गेलीं. तीं केवळ दोन अक्षरांनीं जोडलीं गेलीं. कोणत्या रसिकानें मुद्दाम अशी निवड केली असती?

नियमांची कडकपणाही पाहण्याजोगी आहे. आपण 'री' आली तरी 'र' चें कोणतेंहि गाणें चालवून घेतों. तेथें 'रि' म्हणजे 'रि' च, 'रा' चालावयाचें नाहीं. शिवाय जपानी भाषेच्या मूळ शब्दांत आरंभीं 'र' येतच नाहीं, म्हणून चतुर गडी प्रतिपक्षावर पुनः पुनः 'रु' टाकतो. त्यावर १९८१ चें 'रुबी नो युबिवा' हें गाणें ज्यास आठवेल तो वांचला. उलट २०१८ सालीं घरोघर गेलेलें 'लेमन' हें गाणें कितीहि आवडो, त्याचें नांव घेतलें कीं डाव गेला.

आणखी एक भेद. आपल्याकडे गाण्यास बहुधा निराळें नांवच नसतें; अभंग काय, चित्रपटगीत काय, 'उपासना संगीता'तील गीत काय, आपण तें पहिल्या ओळीनेंच ओळखतों. तेथें नांव निराळें व पहिली ओळ निराळी. १९१४ च्या गीतपुस्तकांतील 'फुरुसातो' ('जन्मगांव') हें गाणें नांवानें 'फु' चें, पण गळ्यांतून निघतें तें 'उ' नें. (त्याची चाल ज्यांची मानतात ते ओकानो तेइइची अनेक वर्षें तोक्योंतील एका ख्रिस्तमंदिरांत ऑर्गन वाजवीत असत.) तेव्हां गड्यास दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या लागतात.

मात्र एका बाबतींत मी आपल्या भेंड्यांचा पक्ष घेईन. कराओकेंत शब्द पडद्यावर उमटतात. चाल आठवली कीं काम भागतें. भेंड्यांत शब्दहि पदरचेच लागतात. पूर्वीं मोरोपंतांच्या आर्या व वामनाचे श्लोक मुलें भेंड्यांसाठींच तोंडपाठ करीत, आणि त्या पाठांतरावर कित्येकांची भाषा आयुष्यभर पोसली. तरी आपल्या खेळांतहि एक मोठें वैगुण्य आहे: आपण ध्रुवपदाची एक ओळ म्हणतों आणि अक्षर पुढच्याच्या गळ्यांत टाकतों. जपानी गडी गाणें आरंभिलें म्हणजे बहुधा शेवटास नेतो, आणि बाकीचे तें ऐकत बसतात. नातीचें गाणें आजोबांस पुरें ऐकावें लागतें, व आजोबांचें नातीस.

आपली स्थिति काय आहे? १९९३ सालीं दूरदर्शनसंचावर अंताक्षरीचा कार्यक्रम सुरू झाल्यापासून हा खेळ जवळजवळ हिंदी चित्रपटगीतांचाच झाला. वर्गांत कोणतेंहि अक्षर द्या, हिंदी ओळ तत्क्षणीं येते. मराठी गाणें मागितलें कीं तिसऱ्या-चौथ्या अक्षरास मुलें एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतात. हिंदी गाण्यांशीं माझें वैर नाहीं. परंतु जीं गाणीं घरांतील वडील माणसांस येतात तीं मुलांस एकहि येऊं नये, आणि तें कोणास खटकूंहि नये, हें मला खटकतें.

म्हणून येत्या स्नेहसंमेलनांत एक डाव असा खेळावा, अशी माझी सूचना आहे. प्रत्येक गटांत एक पालक, शक्य तर आजी किंवा आजोबा, असावेत. गाणें मराठी असावें. निदान दोन कडवीं, कागद किंवा फोन न पाहतां म्हणावींत. स्वरचिन्हाचा जपानी कडकपणा आपणांस नको, मराठींत तो निभणार नाहीं. 'ळ' आला तर 'ल' व 'ण' आला तर 'न' घ्यावा, ही जुनी सवलत कायम ठेवावी. आणि अकारविल्हे लावलेलें एक सूचीपुस्तक वर्गांत अगोदर महिनाभर टांगून ठेवावें, म्हणजे 'ठ' आणि 'ढ' यांची तयारी घरीं विचारून करतां येईल.