गच्चीवरचं प्लास्टिक आणि एरंडेल

वाळत घालायच्या दोरीवरचे प्लास्टिकचे चिमटे थोड्याच महिन्यांत हातात घेताच कटकन मोडतात. गच्चीवर राहिलेल्या बादलीचा काठ तडकतो. “हल्ली मालच हलका येतो” म्हणून आपण नवीन आणतो. मैत्रिणींनो, माल हलका असतो म्हणजे काय, हे समजलं तर पुढची खरेदी डोळसपणे करता येईल.

प्लास्टिकचे रेणू म्हणजे लांबच लांब साखळ्या. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्यांतली एखादी कडी तुटते. तुटलेलं टोक हवेतल्या ऑक्सिजनशी जुळतं, शेजारच्या साखळीला बाधा करतं आणि ही लागण पसरत जाते. चिमटे आणि खुर्च्या ज्याच्या होतात ते पॉलिप्रॉपिलीन तर याबाबतीत फारच नाजूक. म्हणून साच्यात घालण्यापूर्वीच त्यात एक औषध मिसळावं लागतं. किलोमागे एक ते पाच ग्रॅम, म्हणजे भाजीतल्या मिठाहूनही कमी!

या औषधांतली एक गुणी जात १९७० च्या दशकात जपानच्या सांक्यो आणि स्वित्झर्लंडच्या सीबा-गायगी या कंपन्यांनी बाजारात आणली. तिच्यातल्या एका नामांकित औषधाची कृती ऐका. (घरी करायची नव्हे हं!) नखांचं पॉलिश काढायला वापरतात ते अ‍ॅसिटोन आणि अमोनिया यांचा संयोग घडवतात, त्याला हायड्रोजन देतात. झाली अर्धी तयारी. उरलेली अर्धी चक्क एरंडेलातून! साबणासाठी घालतो तसा एरंडेलात कॉस्टिक सोडा घालून ते अडीचशे अंशांच्या आसपास तापवलं, की अठरा कार्बनांच्या साखळीचे दहा आणि आठ असे दोन तुकडे पडतात. दहाचा तो सेबॅसिक आम्लाचा. त्याच्या दोन्ही टोकांना आधीचा पदार्थ जोडला की पांढरी पूड तयार. बाळंतिणीच्या कपाटातलं एरंडेल कुठं जाऊन पोचलं बघा!

हे औषध चिमट्यासारखं काम करतं. निखारा उचलायचा, बाजूला टाकायचा, की चिमटा पुढच्यासाठी मोकळा. म्हणून इतकंसं औषध वर्षानुवर्षं पुरतं. पण ते महाग, आणि घातलं की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. स्वस्त मालात नेमकी इथंच काटकसर होते. तेव्हा बाहेर ठेवायची वस्तू घेताना ‘यू. व्ही. स्टॅबिलाइज्ड’ असं लिहिलंय का ते बघा. नसेल तर सरळ काळी घ्या. काजळीसारखा कार्बन शेकडा दोन-अडीच भाग घातला की तोच ऊन अडवतो. गच्चीवरच्या टाक्या काळ्या असतात त्या उगाच नाहीत.

चिमट्यांचं एक वेळ ठीक आहे. खुर्चीचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. उन्हात राहिलेली खुर्ची दिसायला धडधाकट असते, आणि सासूबाई टेकल्या की पाय फाकून मोडते. म्हातारपणी खुब्याचं हाड मोडणं म्हणजे काय, ते सांगायला नको. महिन्यातून एकदा खुर्चीवर बोट घासून बघा. पांढरी भुकटी लागली, किंवा पायाच्या वळणाशी केसासारख्या चिरा दिसल्या, तर तिच्यावर कुणाला बसू देऊ नका. माळ्यावरचा डबा काढायला तिच्यावर चढणं तर नकोच. भंगारात देताना तिचा एक पाय मोडूनच द्या, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या घरी ती पुन्हा बसायला जायची नाही.