‘नाळे बा’ आणि परत आलेला चेक

आपल्या सीमाभागातल्या घरांना ‘नाळे बा’ नवे नाही. रात्री दार वाजवणारी भुताळी परत जावी म्हणून कर्नाटकात लोक दारावर ‘उद्या ये’ असे लिहीत. ती वाचायची आणि परत जायची. चेक न वटलेल्या माणसाची गत अशीच होते.

माझी अक्का मध्य प्रदेशात बालाघाटला दिलेली. भातशेती तिच्याच नावे. गेल्या हंगामात तिने आमच्या बेळगावकडच्या एका व्यापाऱ्याला चिन्नोर तांदूळ दिला. चौऱ्याऐंशी हजारांचा चेक आला, तिथल्या बँकेत भरला, आणि ‘पुरेशी शिल्लक नाही’ असा मेमो लागून परत आला. व्यापारी बोलायला गोड. फोन केला की, “अक्का, अजून चार दिवस.” माहेरची भाषा ऐकून ती विरघळायची.

तिने मला सांगितले तेव्हा मेमो हाती येऊन बावीस दिवस झाले होते. मी दचकलेच. १८८१ च्या कायद्याचे कलम १३८ चेकधारकाच्या बाजूचे आहे, पण ते दिवस मोजते. बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस द्यायची. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पंधरा दिवस. तरी पैसे आले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. गुन्हा ठरल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चेकवरची सही त्याचीच असेल, तर तो देण्यापोटीच दिला असे कोर्ट आधी धरून चालते; तसे नाही हे त्याने दाखवायचे.

अक्काची खरी भीती वेगळी होती. “कोर्टासाठी अख्खा महाराष्ट्र ओलांडून बेळगावला फेऱ्या घालू का गं?” २०१४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर काही काळ तसेच होते, चेक देणाऱ्याची बँक जिथे, खटला तिथे. २०१५ मध्ये कायदा बदलला. आता आपले खाते ज्या शाखेत आहे आणि चेक जिथे भरला, तिथल्याच कोर्टात तक्रार होते. म्हणजे अक्काचे कोर्ट बालाघाटचेच.

पंचविसाव्या दिवशी तिथल्या वकिलांनी स्पीड पोस्टाने नोटीस धाडली. तेराव्या दिवशी व्यापाऱ्याचा फोन, “अक्का, नाळे...” ती म्हणाली, “नाळे चौदावा दिवस.” पैसे आले.

तीस दिवस हुकलेच, तर चेकची तीन महिन्यांची मुदत उरली असेपर्यंत तो पुन्हा भरता येतो. परत आला की दिवस नव्याने मोजायचे. वसुलीचा दिवाणी दावा तीन वर्षांपर्यंत असतोच, पण तो लांबचा रस्ता.

तेव्हा मेमो आला की तारीख कॅलेंडरवर लिहा. गोड बोलणे नंतर ऐका.